पाच बाय आठची घंटा

६ जानेवारी, सोमवार

ही वही सेटिंग लिहून ठेवायला काढली आहे. माझ्या डोक्यात आता काही राहत नाही आणि देवेश एकदाच सांगतो, तेही उभ्या उभ्या. कपाटात गणिताची चौकटीची कोरी वही पडून होती, तीच घेतली.

बावीस वर्षं मी या कंपनीत पत्रं टाइप केली. आता धवल सर म्हणतात, "क्षमाताई, नवं मॅन्युअल तुम्हीच करा." आमचा सिरिंज पंप. वॉर्डात पेशंटच्या उशाशी असतो, औषधाची सिरिंज हळूहळू दाबत राहतो. त्याला छोटा हिरवा स्क्रीन, चार ओळी, ओळीत वीस अक्षरं. मॅन्युअलमध्ये प्रत्येक स्क्रीनचं चित्र हवं. मोबाइलने फोटो काढून बघितले. प्रत्येक फोटोत वर ट्यूबलाइट आणि खाली माझं थोबाड.

म्हणून देवेशने एक सॉफ्टवेअर दिलं. मशीनच्या आतला प्रोग्रॅम लिहिणारा तोच. या सॉफ्टवेअरला आपण अक्षरं द्यायची, ते खोटा स्क्रीन काढून त्याच्या चित्राची फाईल बनवतं. मशीन समोर असायची गरजच नाही. पण आधी सगळं सेटिंगच्या फाईलमध्ये सांगावं लागतं: ओळी किती, ठिपका केवढा, दोन ठिपक्यांमध्ये फट केवढी, हिरवा कुठला. ठिपका ४, फट १. लिहून ठेवलं.

९ जानेवारी, गुरुवार

दोनशे बारा चित्रं एका फटक्यात काढली आणि दोनशे बाराच्या दोनशे बारा कोरी हिरवी. अक्षरांचा रंग आणि मागचा रंग मी एकच लिहून बसले होते. देवेश हसला. मी म्हटलं, "हस, तुझी आई जन्मात संगणकाला हात लावणार नाही." तो म्हणाला, "आई बँकेत आहे, ताई." घ्या.

संध्याकाळी नानांनी भात ताटाबाहेर सांडला. अर्धांगवायूने उजवी बाजू गेल्यापासून माझे वडील डाव्या हाताने जेवतात आणि मदत घेत नाहीत. मी ओरडले. मग वाईट वाटलं. मग परत सांडला, परत ओरडले.

१३ जानेवारी, सोमवार

इशाऱ्याच्या आणि इशाऱ्यांच्या नोंदीच्या स्क्रीनवर कोपऱ्यात एक घंटा असते. सॉफ्टवेअरकडे ती घंटा नाही, तिच्या जागी रिकामा चौकोन येतो. मशीनमधली घंटा कोणी जुन्या माणसाने बनवली होती, तिचा कागद सापडत नाही. देवेश म्हणाला, "तुम्हीच काढा ना ताई काहीतरी. पाच चौकटी आडव्या, आठ उभ्या. मॅन्युअलमध्ये कोण बघतंय."

घरी येऊन या वहीतच काढत बसले. जमेना. मशीनमधली घंटा म्हणजे नुसता गोळा आणि खाली मधोमध एक ठिपका, ती मला मेणबत्तीसारखी दिसते. नाना बघत होते. नाना गिरणीत नक्षीखात्यात होते, साड्यांचे काठ चौकटीच्या कागदावर काढायचे. एक चौकट म्हणजे एक धागा. हे माझ्या लक्षातच नव्हतं, इतकी मी त्यांची आता फक्त औषधं मोजते.

"घाटेची जीब मधी नाय ऱ्हवत," ते म्हणाले. "वाजतना एका बाजूक जाता. पेन्सिल हाड."

पेन्सिल आणून दिली. डाव्या हाताने काढलेली ही:

□□■□□
□■■■□
□■■■□
□■■■□
■■■■■
□□□□□
□■□□□
□□□□□

खालचा तो एकटा ठिपका डावीकडे, आणि घंटेपासून सुटा. वाजतेय असं वाटतं. नाना म्हणाले, प्रत्येक नक्षीत ते एक चौकट मुद्दाम इकडची तिकडे करायचे. मालकाला कळत नसे. पण उद्या बाजारात ती साडी दिसली तर आपली ओळखू यावी. त्यांना इतकं बोलताना मी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं.

२१ जानेवारी, मंगळवार

मॅन्युअल छापायला गेलं. धवल सरांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. मोठ्या सरांनी, त्यांच्या वडिलांनी, बावीस वर्षांत एकदाही केलं नव्हतं.

घरी आले तर नानांनी अंथरूण भिजवलेलं, आणि सांभाळणाऱ्या बाई टीव्ही बघतायत. त्यांना बोलले तर म्हणाल्या, उद्यापासून दुसरी बघा. नानांना पुसताना ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. आणि मला वाटलं, हे उद्या सकाळी उठलेच नाहीत तर किती बरं होईल. नुसतं वाटलं नाही. मी तसं मनात मागितलं. देवासमोर मागतात तसं. इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहिते.

३० जानेवारी, गुरुवार

निलेश भांडुपच्या एका नर्सिंग होममधून पंप घेऊन आला. निलेश मशीन दुरुस्त करत हिंडतो, सगळे दवाखाने त्याच्या ओळखीचे. एरवी आल्या आल्या "ताई, चहा" म्हणतो. आज चहा ठेवला तो तसाच राहिला. मशीन त्याच्या टेबलावर होतं, स्क्रीनवर तिसऱ्या ओळीत एक उभी रेघ मेलेली. धवल सर, देवेश आणि तो, तिघे दोन तास केबिनमध्ये.

बाहेर आल्यावर विचारलं तर म्हणाला, "पेशंट गेला, ताई. परवा दुपारी." मी म्हटलं, "आजारीच असेल ना." तो पिशवी उचलून निघून गेला.

नवी बाई सकाळी साडेआठला येते म्हणते. मला आठ बावीसला निघावं लागतं. हे आठ मिनिटांचं कोडं कसं सोडवायचं ते कोणी सांगत नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

आज मजा आली, खरं सांगते. डीलर लोकांच्या ट्रेनिंगसाठी सरांना एक चित्र हवंय, पण चित्र वाटता कामा नये. मोबाइलने काढलेला फोटो वाटला पाहिजे. "चित्र दिसलं की त्यांना विश्वास बसत नाही, ताई." देवेशने सॉफ्टवेअरला चार नव्या गोष्टी लावून दिल्या: तिरपेपणा, चमक, धूळ आणि मेलेले ठिपके.

स्क्रीन नोंदीचा. मशीन आपल्या पोटात इशाऱ्यांची नोंद ठेवतं, ते पान. स्क्रीनवर इंग्रजीत असतं, माझ्या भाषेत: २८ जानेवारी, १५.४०, नळी तुंबली, घंटा वाजली. १५.४४, घंटा बंद केली.

सेटिंग: तिरपेपणा ३, चमक वर उजवीकडे २०, धूळ २, तिसऱ्या ओळीत चौदाव्या अक्षरात उभी रेघ मेलेली. रेघ कशाला विचारलं, तर देवेश म्हणाला, खरं वाटायला. पहिल्यांदा चमक फार झाली, लग्नातल्या फोटोसारखी. सात वेळा काढलं. सातव्याला मी स्वतःच फसले, मला वाटलं कोणीतरी फोटो काढून ठेवलाय.

सर म्हणाले, "झकास." मग म्हणाले, तुमचा संगणक जुना झालाय, सोमवारी नवा देतो, यावरचं काही ठेवू नका. माझं काय असणार त्याच्यावर. माझं सगळं या वहीत आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज आनंदाची गोष्ट. देवेशने माझी घंटा, म्हणजे नानांची घंटा, खऱ्या मशीनमध्ये घातली. आजपासून. "जुनीपेक्षा चांगली दिसते," म्हणाला. नव्या मशीनमध्येच नाही, विकलेली सगळी मशीन्स जागेवर जाऊन बदलायची. निलेशला आठवडाभर तेच काम.

मी जिलबी नेली. सगळ्यांनी खाल्ली. निलेशने घेतली नाही, म्हणाला दात दुखतोय. नानांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले, अर्ध्या तोंडाने. "वार्डात वाजतली म्हणजे," म्हणाले. शेजारच्या नाडकर्णी काकूंनाही सांगून झालं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

निलेशने नोकरी सोडली. जाताना माझ्या टेबलापाशी आला. "ताई, तुमचं काम फार चांगलं आहे. फार म्हणजे फारच." मी थँक्यू म्हटलं. आजकालची पोरं दोन ठिकाणी टिकत नाहीत.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी जेवताना नाडकर्णी काकूंनी व्हॉट्सॅपवर बातमी पाठवली. तुमच्याच कंपनीचं मशीन ना हे, म्हणून. भांडुपच्या नर्सिंग होममधल्या नर्सला अटक. संघमित्रा नाव, वय एकतीस. पंपाने इशारा दिला, तो तिने चार मिनिटांनी बंद केला आणि नळी न बघता निघून गेली, म्हणून पेशंट गेला. ती म्हणते घंटा वाजलीच नाही, स्क्रीनवर शेवटपर्यंत 'सुरू आहे' असंच होतं. कंपनीने पुरावा म्हणून फोटो दिलाय. कंपनीचा माणूस २९ तारखेला मशीन घ्यायला गेला तेव्हा त्याने वॉर्डातच काढलेला फोटो. तो खाली दिला होता.

चमक वर उजवीकडे. तिसऱ्या ओळीत मेलेली रेघ.

मी म्हटलं, असतील सारखे दोन. मशीनचा खरा फोटोही असेल. मग बोटांनी मोठा केला. कोपऱ्यात घंटा. खालचा ठिपका डावीकडे, सुटा.

२९ जानेवारीला त्या मशीनमध्ये ही घंटा नव्हती. १० फेब्रुवारीला मी जिलबी वाटली होती.

डबा तसाच बंद केला. हात धुवायला गेले आणि नळ चालू ठेवून उभी राहिले, मागून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, पाणी."

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आधी देवेशकडे गेले. तो स्क्रीनवरून मान वर करेना. म्हणाला, "नोंद असायला हवी होती, ताई. माझ्या प्रोग्रॅममध्ये एक चूक राहिली होती. नळी तुंबली आणि त्याच क्षणी बॅटरीवर गेलं तर मशीन गप्प बसतं. हजारात एकदा होतं. आता दुरुस्त केलंय मी. नव्या घंटेबरोबरच गेलं ते सगळीकडे." जुनी नोंद? "अपडेट केलं की पुसली जाते." त्याचे डोळे लाल होते. मला त्याची कीव आली आणि त्याचा गळा धरावासाही वाटला.

धवल सरांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. म्हणाले, कंपनी बंद पडली तर चाळीस घरं. म्हणाले, त्या नर्सला काही होत नाही, वर्ष दोन वर्षं केस चालते, सुटतात सगळे. मी म्हटलं, "सर, तो फोटो मी केलाय." ते म्हणाले, "तेच तर मी म्हणतोय, ताई. तुम्ही केलाय. कोणी विचारलं तर तुम्हीच केलाय." मग तितक्याच प्रेमाने विचारलं, "नानांची तब्येत कशी आहे? आपल्या मेडिकल पॉलिसीत आहेत ना ते?"

मी "हो सर" म्हणून उठले. घाबरले मी. साफ घाबरले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मी काय केलं? मला सांगितलं ते केलं. ट्रेनिंगसाठी म्हणाले होते. मला काय स्वप्न पडलं होतं?

पण वरचं १ फेब्रुवारीचं पान वाचलं. २८ जानेवारी ही तारीख मी माझ्या हाताने टाइप केली. निलेशने मला दोनच दिवस आधी सांगितलं होतं, पेशंट परवा गेला म्हणून. परवा म्हणजे अठ्ठावीस. आणि मी चमक कमी जास्त करत बसले होते. मजा आली असंही लिहिलंय.

३ मार्च, सोमवार

शनिवारी निलेशला फोन केला. पवईला लिफ्टच्या कंपनीत लागलाय. आधी बोलायलाच तयार नव्हता. मग म्हणाला, "मी मशीन उचललं तेव्हा स्क्रीनवर 'सुरू आहे' होतं. नोंद रिकामी. आणि फोटो मी काढला असं त्यांनी पोलिसांना लिहून दिलंय, माझी सही घेतली, रजेचा कागद म्हणून. मी बोललो तर काय दाखवू, ताई? मशीन पुसलं. तुमचा संगणक पुसला. माझ्याकडे काय आहे?"

संघमित्रा जामिनावर सुटलीय, त्याने सांगितलं. नर्सिंग होमने काढून टाकलं. घाटकोपरला आईकडे असते, दाराबाहेर येत नाही. तो गेला होता भेटायला. तिने त्याला एकच विचारलं, "मी खरंच घंटा ऐकली नसेल का हो?" महिनाभर सगळे सांगतायत, फोटो दाखवतायत. आता तिलाच वाटायला लागलंय की वाजली असेल.

त्याच्याकडे काही नाही. माझ्याकडे ही वही आहे.

त्याने तिच्या वकीलबाईंचा नंबर दिला. आज जेवणाच्या सुट्टीत फोन केला, जिन्यात उभी राहून. मधुवंती वकील, आवाज तरुण वाटला. सगळं ऐकून म्हणाल्या, "तारखांसकट लिहिलंय? चित्र काढलेलं आहे? सेटिंग पण?" मी हो म्हटलं. मग स्पष्टच म्हणाल्या, तुमच्यावरही गुन्हा दाखल होऊ शकतो, हे समजून या. आणि वही अख्खी हवी. एक पान जरी फाडलेलं निघालं तर समोरचा वकील म्हणेल, बाकीचंही सोयीचं तेवढंच ठेवलं.

५ मार्च, बुधवार

काल आणि आज कामावर गेले नाही, ताप आहे म्हणून कळवलं.

मी पान फाडणारच होते. एकच. २१ जानेवारीचं. बाकी सगळं वाचा म्हणावं, माझा मूर्खपणा वाचा, भीती वाचा, जिलबी वाचा. पण ते पोलीस वाचणार, कोर्टात कोणीतरी मोठ्याने वाचणार, पेपरवाले छापतील. नाडकर्णी काकू वाचतील. नानांच्या कानावर जाईल.

पान उलटून बघितलं तर पाठीमागे घंटा. एकच पान. एका बाजूला नानांनी डाव्या हाताने काढलेली घंटा, दुसऱ्या बाजूला मी मागितलेलं त्यांचं मरण. पेन दाबून लिहिलेलं, अक्षरं घंटेच्या चौकटींमधून उमटलीयत.

दुपारभर ते पान धरून बसले. मग ठरवलं, दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मी सांगावं.

चार वाजता नानांना उशीला टेकवून बसवलं, चहा दिला. बातमीतला फोटो मोठा करून दाखवला. भिंग लावून त्यांनी बघितला. "माझी घाट," म्हणाले. आधी खूश झाले. मग मी सगळं सांगितलं, मशीनचं, फोटोचं, त्या पोरीचं. हसू कुठल्या कुठे गेलं. बराच वेळ त्यांचा डावा हात चादरीवर चौकटी मोजत असल्यासारखा हलत होता. "माझ्या खुणेन फसवलानी तिका," म्हणाले.

मी म्हटलं, "नाना, अजून एक आहे." आणि २१ तारीख वाचली. पहिल्या ओळीपासून. देवासमोर मागतात तसं, इथपर्यंत आले आणि ओळीवर बोट ठेवलं. मी वाचून संपवलं. त्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही, वहीकडेच बघत राहिले.

"माका ठावक होता," ते म्हणाले.

"कसं?"

"पुसतना तुजो हात थांबलो." मग म्हणाले, "मी पण ताच मागी होतंय गो. तेच दिवशी."

मी रडले. त्यांनी रडू दिलं. चहा गार झाला तो परत गरम करून आणला, तेव्हा ते म्हणाले, पेन्सिल हाड. मी म्हटलं, पेन्सिल कशाला, पेन घ्या. पान उलटून घंटा वर केली. वही मी धरली, त्यांनी सही केली. चंद्रप्रकाश एवढं पूर्ण नाव घालायला त्यांना दहा मिनिटं लागली. श वहीच्या बाहेर गेला. खाली आजची तारीख मी लिहू का विचारलं, तर नको म्हणाले, स्वतःच घातली.

पॉलिसी जाईल. नोकरी तर जाईलच. मला आत टाकलं तर यांना कोण पुसणार, हा प्रश्न मी नानांना विचारला नाही आणि त्यांनीही काढला नाही. नव्या बाईंना सकाळी सव्वाआठला यायला सांगितलंय, त्या बरं म्हणाल्या.

वकीलबाईंनी उद्या घाटकोपरला अकराला बोलावलंय. संघमित्राही असेल. तिला पहिल्यांदा काय सांगायचं ते ठरवलंय: घंटा वाजली नव्हती.

वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये ठेवते आता. उद्या डबा करायचा नाही.